आईबाबांचं गाडी चालवणं कमी करायचं, तर कोणत्या क्रमाने?

सत्तरीपुढचं कुणी स्कूटर किंवा कार चालवत असेल, तर घरात हा विषय बहुतेक वेळा एका ओरखड्यानंतर निघतो. गाडी कुठेतरी घासते, चावी कपाटात जाते आणि "आता बास" असं जाहीर होतं. दुसऱ्या दिवशी बाबा त्याच बँकेत, त्याच मंडईत पायी निघतात. काल ज्या चौकातून ते गाडीने गेले, तो आज चालत ओलांडतात. घरच्यांना वाटतं धोका टळला. प्रत्यक्षात चालकाचा धोका पादचाऱ्याच्या वाट्याला आलेला असतो.

हे नुसतं मत नाही. फिनलंडमध्ये वयस्कर चालकांना परवान्यासाठी नियमित वैद्यकीय तपासणी होती, शेजारच्या स्वीडनमध्ये नव्हती. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत फिनलंडच्या वृद्ध चालकांचे अपघात स्वीडनपेक्षा कमी आढळले नाहीत, पण पायी चालणाऱ्या वृद्धांचे मृत्यू मात्र तिथे जास्त होते. डेन्मार्कने २००६ पासून परवाना नूतनीकरणात स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी आणली. अनू सिरेन आणि अॅनेट मेंग यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की वृद्ध चालकांच्या प्राणघातक अपघातांत फरक पडला नाही, उलट गाडीबाहेर असलेल्या वृद्धांचे मृत्यू वाढले. जपानमध्येही २०१७ नंतर नियम कडक झाल्यावर वृद्ध चालकांच्या धडका कमी झाल्या आणि वृद्ध पादचारी व सायकलस्वारांच्या दुखापती वाढल्या. आपल्याकडे तर २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली आणि त्यांत ३२,८२५ पादचारी होते.

म्हणून तपासणी हवीच, पण क्रम पाळून. चावी ठेवण्याआधी पायी जाण्याची वाट आणि दुसरं वाहन तयार असलं पाहिजे. पुढचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत.

थांबा. काही बाबतींत हा क्रम लागू होत नाही. फिट येणं, गाडीवर किंवा उभ्या उभ्या शुद्ध हरपणं, नुकताच झालेला पक्षाघात, अचानक एका डोळ्याने दिसेनासं होणं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला जाणं. यांतलं एक जरी घडलं असेल, तर गाडी आजच थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. बाकीचं नंतर.

## टप्पा १ : पंधरा दिवस फक्त नोंद ठेवा

सुरुवात बोलण्याने करू नका. एका वहीत तारीख, वेळ आणि काय दिसलं एवढंच लिहा. "बाबा हल्ली नीट चालवत नाहीत" ही नोंद नाही. "संध्याकाळी साडेसात, समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आल्यावर गाडी एकदम हळू केली, मागच्याने हॉर्न दिला" ही नोंद आहे.

नेमकं काय पाहायचं? बंपरवर आणि साइड मिररवर नवे ओरखडे. वळण घेऊन झाल्यावरही चालू राहिलेला इंडिकेटर. रिव्हर्स घेताना मान न वळणं. स्कूटर मेन स्टँडवर लावताना होणारी ओढाताण, थांबताना पाय टेकवण्यातली घाई किंवा डगमग. आणि गाडीवरून आल्यावर येणारा असाधारण थकवा. हा शेवटचा मुद्दा घरात कुणी मोजत नाही, पण तो फार बोलका असतो. पूर्वी सहज होणाऱ्या कामाला आता सगळी शक्ती लागते आहे, हे त्यातून कळतं.

वेळ आणि ठिकाण लिहिण्याचं कारण असं की अडचण बहुधा सगळीकडे नसते. रात्रीच असते, किंवा एकाच चौकात असते. तेवढं सापडलं तर तेवढंच बंद करता येतं.

चूक : वयाचा आकडा पुरावा म्हणून वापरणं. अमेरिकेत २००३ मध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं की प्रति मैल हिशेबाने वृद्ध चालकांचे जास्तीचे मृत्यू मुख्यतः शरीराच्या नाजूकपणामुळे होतात. धडक सारखीच असली तरी पंचविशीतला माणूस वाचतो आणि पंचाहत्तरीतला दगावतो. म्हणून हेल्मेटचा पट्टा आणि सीटबेल्ट यांचा आग्रह या वयात अधिक धरायचा.

## टप्पा २ : डोळे आणि औषधं, चर्चेच्या आधी

हा टप्पा वगळून थेट निर्णयावर उडी मारणं ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण इथे सापडणाऱ्या कितीतरी गोष्टी बऱ्या होतात.

साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले तर सावरायलाही वेळ लागतो. त्यात मोतीबिंदू असेल तर रात्रीची गाडी खरोखर अंदाजाने चालते. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेणाऱ्या चालकांचे अपघात, न करून घेणाऱ्यांच्या जवळपास निम्मे झाल्याचं सिंथिया ओव्स्ली यांच्या गटाने अलाबामात केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. म्हणजे वर्षानुवर्षं "अजून पिकला नाही" म्हणून पुढे ढकललेलं ऑपरेशन गाडी आणखी काही वर्षं सुरक्षित ठेवू शकतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा : हे गाडी चालवतात, रात्री चालवतात, आणि बाजूची नजरही तपासून हवी आहे. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस डावीकडून येणारी सायकल पाहू शकत नाही, असं घडतं. तक्ता वाचला म्हणजे नजर चांगली, या समजुतीवर थांबू नका.

घरी करण्याजोगी एक साधी तपासणी आहे. परवान्याच्या अर्जासोबतच्या घोषणापत्रात पंचवीस मीटरवरून दिवसाच्या चांगल्या उजेडात गाडीची नंबरप्लेट ओळखता येते का, असं विचारलेलं असतं. सोसायटीच्या आवारात अंतर मोजा, रोजचा चष्मा लावून वाचायला सांगा. अडखळले तर त्या दिवसापासून गाडी थांबवून डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या.

आता औषधं. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. चिठ्ठ्या नेऊ नका, गोळ्याच न्या, कारण दुकानातून परस्पर आणलेली सर्दीची गोळी चिठ्ठीत नसते. विशेष विचारायचं ते असं :

- झोपेसाठी किंवा "टेन्शनसाठी" घेतलेली अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारखी औषधं. रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत राहू शकतो.
- सर्दी-खाज-अॅलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या.
- मधुमेहासाठीचं इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी. साखर उतरली की आधी भान जातं आणि नंतर कळतं. ब्रिटनमध्ये इन्शुलिन घेणाऱ्या चालकांना साखर ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी काही खा, मग गाडी घ्या, असं सांगतात.
- बीपीची गोळी बदलल्यावर पहिले काही दिवस उठताना येणारी अंधारी.

थांबा. कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. वेळ किंवा मात्रा बदलायची का, हे डॉक्टर ठरवतील.

## टप्पा ३ : सोबत जा, पण शिकवू नका

कार असेल तर शेजारी बसा. स्कूटर असेल तर मागे बसू नका, कारण मागच्या वजनाने तोल बदलतो आणि खरं चित्र दिसत नाही. आपल्या गाडीवर थोडं अंतर ठेवून मागून जा. नेहमीची वाट, नेहमीची वेळ. एकदा दिवसा, एकदा तिन्हीसांजेला.

सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडे वळताना काय होतं, हे नीट पाहा. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे उजव्या वळणाला समोरून येणारी वाहनं कापून जावं लागतं. वय वाढलं की समोरची गाडी किती लांब आहे हे दिसतं, पण ती किती वेगाने येते आहे याचा अंदाज कमी पडतो. बाबा "लांब आहे" म्हणून वळतात आणि ती गाडी त्यांच्या हिशेबाच्या आधी पोहोचते. पुढे रस्ता पायी ओलांडतानाही हीच चूक होते, म्हणून ही नोंद जपून ठेवा.

बाकी पाहायचं ते थोडक्यात : गतिरोधक वेळेवर दिसतो का, अचानक आलेल्या कुत्र्याला किंवा मुलाला प्रतिसाद किती उशिरा मिळतो, रस्त्याच्या मधोमध सरकणं, कारण नसताना थांबणं.

चूक : प्रवासात सूचना देणं. "अहो बाबा, डावीकडे!" असं ओरडलात की तुम्ही त्यांची जागा घेतली आणि तपासणी संपली. खरा धोका दिसला तरच बोला.

## टप्पा ४ : तीनपैकी एक निर्णय, मधल्याला प्राधान्य

नोंदी, डॉक्टरांचं मत आणि सोबतचा प्रवास यांवरून तीन निर्णय संभवतात : चालू ठेवणं, मर्यादा घालणं, थांबवणं. बहुतेक घरं पहिल्या आणि तिसऱ्यात अडकतात. मला मधला मार्ग सर्वांत उपयोगी वाटतो, पण तो मोघम असता कामा नये. "जरा जपून चालवा" याला मर्यादा म्हणत नाहीत. मर्यादा अशा लिहा : सूर्यास्तानंतर नाही, पावसात नाही, हायवेवर नाही, मागे नातवाला घेऊन नाही, त्या एका चौकातून उजवीकडे नाही. तिथे पुढे जाऊन तीन डावी वळणं घेतली तर तोच रस्ता मिळतो.

कार आणि स्कूटर दोन्ही असतील तर आधी स्कूटर थांबवा. तिथे तोल, गुडघे आणि पाय टेकवण्याची चपळाई तिन्ही लागतात, आणि पडल्यावर अंगाभोवती काहीच नसतं.

मर्यादांनी भागत असेल तरी पुढचा टप्पा टाळू नका. रात्रीची गाडी बंद झाली म्हणजे रात्रीचं चालणं सुरू झालं.

## टप्पा ५ : पायी वाट मोजा

हा टप्पा जवळपास कुणीच करत नाही. यासाठी लागतं काय, तर मोबाइलमधलं स्टॉपवॉच, टेप आणि एक सकाळ.

आधी चालण्याचा वेग. सपाट जागेवर दहा मीटर मोजा आणि नेहमीच्या चपला-काठीसह नेहमीच्या चालीने चालायला सांगा. "पटपट चाला" म्हणू नका. सिग्नलची वेळ ठरवताना पादचाऱ्याचा वेग बरेचदा सेकंदाला १.२ मीटर धरला जातो. इंग्लंडमधल्या पासष्ट वर्षांवरच्या लोकांच्या मोठ्या पाहणीत हा सरासरी वेग पुरुषांचा ०.९ आणि बायकांचा ०.८ मीटर निघाला. सिग्नल ज्या माणसासाठी लावलेला आहे, तो माणूस तुमच्या घरात राहत नाही.

मग रस्त्याची रुंदी. टेप घेऊन वाहनांमध्ये उतरू नका. मोबाइलच्या नकाशावर अंतर मोजण्याची सोय असते, ती पुरे.

मग हिशेब. समजा आईने दहा मीटर बारा सेकंदांत कापले आणि रस्ता चौदा मीटरचा आहे. ओलांडायला सुमारे सतरा सेकंद लागतील. पादचारी सिग्नलमधला हिरवा माणूस दिसल्यावर निघायला, फुटपाथच्या कडेवरून उतरायला तीन सेकंद धरा. म्हणजे वीस. आता चौकात उभं राहून हिरवा माणूस किती सेकंद असतो ते मोजा, आणि एकदा नव्हे, गर्दीच्या आणि निवांत अशा दोन्ही वेळांना मोजा. तिथे पंधरा निघाले, तर आई दररोज शेवटचे पाच सेकंद सुटलेल्या गाड्यांसमोर असते.

सिग्नल नसेल तर चित्र आणखी कठीण आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर येते. वीस सेकंदांत २८० मीटर. एवढ्या लांबच्या गाडीचा वेग ओळखणं कुणालाही जड आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या जेनिफर ऑक्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत पंचाहत्तरीपुढचे लोक प्रामुख्याने अंतर पाहून रस्त्यात उतरताना दिसले, वेगाचा हिशेब मागे पडला. गाडी जितकी वेगाने येणारी, तितका निर्णय धोक्याचा.

यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मध्ये सुरक्षित उभं राहता येईल असा रुंद दुभाजक. ओलांडणं दोन भागांत झालं की एका वेळी सात मीटर आणि एकाच दिशेची वाहनं. वेळ साडेअकरा सेकंदांवर येतो. दुभाजक असलेल्या जागेपर्यंत शंभर पावलं जास्त चालावं लागत असेल तर चालावं. झेब्रा पट्टे आहेत म्हणून एखादी जागा निवडू नका. पट्टे आहेत, पण गाड्या थांबतात का, हे दहा मिनिटं उभं राहून पाहा.

वाट ठरवताना तपासा :

- फुटपाथची कड. रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत तिची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी असं आहे. प्रत्यक्षात दुप्पट उंची असेल तर गुडघेदुखीचा माणूस फुटपाथ सोडून रस्त्यावरूनच चालणार.
- फुटपाथ कुठे तुटतो : डीपी, टपरी, लावलेल्या दुचाकी. तिथे रस्त्यावर उतरावं लागत असेल तर दुसरी बाजू पाहा.
- फुटपाथच नसेल तर उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल असं चालायचं. डाव्या कडेने चालताना गाड्या पाठीमागून येतात.
- पावसाळ्यात पाण्याखालची झाकणं आणि खड्डे. त्यासाठी वेगळी वाट ठेवा. छत्री फिक्या रंगाची घ्या, आणि ती डोळ्यांवर ओढू नये हे सांगा.
- अंधार पडल्यावर फिके कपडे, पिशवीवर चमकणारी पट्टी.

मोजलेले आकडे वाया घालवू नका. ज्येष्ठ नागरिक संघाच्या किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर रस्त्याची रुंदी, हिरव्या माणसाचे सेकंद आणि दहा-बारा ज्येष्ठांच्या चालण्याचा वेग लिहून पालिकेच्या प्रभाग कार्यालयाला आणि वाहतूक पोलिसांना द्या, पोच घ्या. "रस्ता धोकादायक आहे" या तक्रारीला उत्तर टाळता येतं. "पाच सेकंद कमी आहेत" याला टाळणं अवघड जातं.

## टप्पा ६ : दुसरं वाहन आधी सुरू करा

गाडी चालू असतानाच आठवड्यातले दोन दिवस रिक्षाने जाण्याची सवय लावा. ओळखीच्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर मोठ्या अक्षरात फोनजवळ लावा. अॅपवरून गाडी मागवणं शिकवायचं असेल तर ते आत्ता, घाई नसताना.

पैशाचा प्रश्न मोकळेपणाने सोडवा. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग यांची वर्षाची बेरीज काढा आणि ती रक्कम रिक्षासाठी वेगळी ठेवा. ज्यांनी आयुष्यभर बसचे सुटे पैसे मोजले, ते मंडईसाठी रिक्षा करत नाहीत. ते चालत जातात, आणि घरी सांगतही नाहीत.

गावाला जाण्यासाठी एसटीत पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे आणि पासष्ट ते चौऱ्याहत्तर वयाला निम्मं भाडं. ओळखपत्र जवळ हवं. एसटीची पहिली पायरी उंच असते, चढताना दोन्ही हात मोकळे राहतील अशी खांद्याची पिशवी द्या.

## टप्पा ७ : आता बोला

घरातल्या एकानेच बोलावं, आणि दोघांतच. जेवणाच्या पंगतीत, सुनेसमोर-नातवंडांसमोर नाही. भाऊ-बहिणींचं आधी एकमत करून घ्या, नाहीतर धाकटा पुण्याहून फोन करून "चालवू द्या हो त्यांना" म्हणतो आणि सगळं परत पहिल्यापासून.

"बाबा, तुम्हाला आता जमत नाही" या वाक्याने दार बंद होतं. त्याऐवजी वहीतला एक प्रसंग घ्या आणि विचारा : "बाबा, परवा रात्री परत येताना समोरच्या दिव्यांचा त्रास झाला का तुम्हाला?" बहुतेक जण स्वतः बरंच बोलतात. त्यांना ते आधीच जाणवलेलं असतं, सांगायला कुणी नसतं. मर्यादांची यादी त्यांच्याच हस्ताक्षरात होऊ द्या.

ऐकतच नसतील तर डॉक्टरांकडून सांगवा. तेही चाललं नाही आणि आजारामुळे धोका खरा असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ नुसार परवाना देणारा अधिकारी पुन्हा वैद्यकीय दाखला मागू शकतो किंवा परवाना रद्द करू शकतो. हा मार्ग अगदी शेवटचा.

चूक : प्लग काढून ठेवणं, "गाडी बिघडली आहे" असं खोटं सांगणं. ते उघडकीला येतं आणि पुढच्या प्रत्येक खऱ्या गोष्टीवरचा विश्वास जातो.

## टप्पा ८ : परवाना आणि गाडीचे कागद

पंचावन्न वर्षांनंतर नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळतं. मुदत संपण्याआधी वर्षभर अर्ज करता येतो. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदत संपल्यानंतरची महिनाभराची जुनी सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली, त्यामुळे "अजून महिना आहे" या भरवशावर गाडी बाहेर काढू नका.

अर्जासोबत डॉक्टरांनी भरलेला नमुना १-अ, म्हणजे वैद्यकीय दाखला, लागतो. माणसाला न पाहता त्यावर सही मिळते, हे सर्वांना ठाऊक आहे. कृपया तशी घेऊ नका. पाच वर्षांतून एकदा कायदा तुमच्या बाबांची तपासणी करायला सांगतो, ती खरी करून घ्या.

गाडी विकलीत तर नमुना २९ आणि ३० भरून नोंदणीतलं नाव बदला. नाव तसंच राहिलं तर उद्याच्या अपघाताची जबाबदारी कागदोपत्री मालकावर येते.

## टप्पा ९ : पहिले तीन महिने

गाडी सोडलेल्या वृद्धांत नैराश्याची लक्षणं जवळपास दुपटीने दिसतात, असं २०१६ च्या एका संशोधन-आढाव्यात म्हटलं आहे. त्यामुळे इथे लक्ष पाहिजे. नोंदवही चालूच ठेवा, फक्त प्रश्न बदला. या आठवड्यात बाबा किती वेळा बाहेर पडले? कट्ट्यावर, भजनाला, मित्राकडे गेले का? औषधं आणायला स्वतः गेले की सांगितलं? जाणं निम्म्यावर आलं असेल तर टप्पा ६ कमी पडला आहे, रिक्षाचे दिवस वाढवा.

महिन्यातून एकदा त्यांच्यासोबत ठरवलेल्या वाटेने चाला. रस्ता खणला जातो, सिग्नल बंद पडतो, दुभाजकातली जागा बुजवली जाते, आणि वाट बदलावी लागते. सहा महिन्यांनी दहा मीटर चालण्याची वेळ पुन्हा घ्या. बारा सेकंदांचे पंधरा झाले असतील, तर ओलांडण्याची जागा नव्याने ठरवा.